महिन्याचा पगार २६ हजार, मग एका तासाचे किती? ३० ने भागायचं की २६ ने?

महिन्याच्या सुरुवातीला 'सॅलरी क्रेडिटेड'चा मेसेज येतो. आकडा बघितला जातो, ईएमआय आणि भाड्याचा हिशोब होतो आणि विषय संपतो. पण शिफ्ट संपल्यावर साहेब म्हणतात, "आज दोन तास जास्त थांब, ओटी देतो." तेव्हा एक प्रश्न उभा राहतो. आपल्या एका तासाची किंमत किती?

वरवर बघितलं तर पाचवीतलं गणित आहे. पगार भागिले दिवस, भागिले तास. पण दिवस किती धरायचे? ३०, ३१ की २६? तास ८ की ९? आणि पगार म्हणजे बेसिक, ग्रॉस की खात्यात जमा होतात ते पैसे? या प्रश्नांच्या उत्तरावर त्याच पगाराचा तासाचा दर ६२ रुपये निघू शकतो किंवा १५० रुपयेसुद्धा.

म्हणूनच हे गणित नीट समजून घेणं गरजेचं आहे. ते तुमच्यासाठी दुसरं कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं आणि सॅलरी स्लिपवर फक्त उत्तर दिसतं.

आधी थेट उत्तर

समजा तुमचा ग्रॉस पगार २६,००० रुपये आहे. आठवड्यातून सहा दिवस काम, रोज ८ तास, रविवारी सुट्टी.

एका दिवसाचा पगार : २६,००० ÷ २६ = १,००० रुपये
एका तासाचा पगार : १,००० ÷ ८ = १२५ रुपये

दुसऱ्या पद्धतीनं पडताळून बघा. आठवड्याचे ४८ तास, वर्षाचे ५२ आठवडे. ४८ × ५२ = २,४९६ तास. त्याला १२ ने भागलं की महिन्याचे २०८ तास येतात. २६ × ८ सुद्धा २०८ च होतात. २६,००० ÷ २०८ = १२५. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी येतात.

तुमच्याकडे पाच दिवसांचा आठवडा आणि रोज ८ तास काम असेल, तर ४० × ५२ ÷ १२ म्हणजे महिन्याचे साधारण १७३.३३ तास होतात. तेवढ्याच २६ हजारांत तुमच्या तासाचा दर १५० रुपये निघतो. म्हणजे दोन मित्रांचा पगार सारखा आणि एकाला शनिवारी सुट्टी असेल, तर त्याच्या तासाला २५ रुपये जास्त पडतात.

तास मोजताना एक काळजी घ्या. ९ तासांच्या शिफ्टमध्ये एक तास जेवणाची सुट्टी असेल, तर कामाचे तास ८ च. पण जेवणाची सुट्टी फक्त कागदावर असेल आणि डबा खाताखाता फोन घ्यावे लागत असतील, तर तो तास कामाचाच आहे.

हा २६ चा आकडा आला कुठून?

वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ रविवार वजा केले की ३१३ उरतात. त्याला १२ ने भागलं की २६.०८ येतात. म्हणजे २६ हे महिन्यातले सरासरी कामाचे दिवस आहेत.

या आकड्यामागे मुंबईचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या कापड गिरण्यांमध्ये कामगारांना ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. ती मिळाली नसती, तर आज भागाकारात २६ आलाच नसता.

४८ तासांचंही तसंच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं सांभाळत होते, तेव्हा कारखाने कायद्यात दुरुस्ती करण्याचं काम झालं. १९४६ च्या त्या दुरुस्तीनं आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली.

कोर्टातही या २६ वरून भांडण झालेलं आहे. ग्रॅच्युइटीसाठी दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यायचा असतो. १५ दिवस म्हणजे अर्धा महिना, म्हणून पगाराच्या निम्मे पैसे पुरेत, असा मालकांचा युक्तिवाद होता. जामनगरच्या श्री दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये २६ ने भागण्याची पद्धत योग्य ठरवली. महिन्याचा पगार कामाच्या २६ दिवसांचा असतो, हा त्यामागचा विचार. पुढे १९८७ मध्ये ग्रॅच्युइटी कायद्यातच २६ चा भागाकार लिहिला गेला.

फरक किती पडतो? बेसिक १५,००० आणि नोकरी १० वर्षं धरा. ३० ने भागलं तर ग्रॅच्युइटी ७५,००० रुपये. २६ ने भागलं तर साधारण ८६,५३८ रुपये. साडेअकरा हजारांचा फरक, फक्त एका भाजकामुळे.

मग ३० ने भागणं चूक आहे का?

प्रत्येक वेळी नाही. महिन्याच्या मधेच नोकरीला लागलात किंवा सोडलीत, तर बऱ्याच कंपन्या महिन्याच्या एकूण दिवसांनी भागतात. तुमच्या दिवसांत मधले रविवारही मोजले, तर त्या हिशोबात काही गडबड नाही.

गडबड होते ती तासाचा दर काढताना. ३० ने भागलं, म्हणजे चार रविवारी तुम्ही आठ-आठ तास काम केलंत असं धरलं जातं. तास वाढले की तासाचा दर खाली येतो.

२६,००० ÷ ३० ÷ ८ = १०८.३३ रुपये
२६,००० ÷ २६ ÷ ८ = १२५ रुपये

तासामागे जवळपास १७ रुपये. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळतो असं धरलं, तर २१६.६७ आणि २५० असा फरक होतो. महिन्याला २० तास ओटी केली, तर ४,३३३ आणि ५,००० रुपये. महिन्याला ६६७ म्हणजे वर्षाला ८ हजार रुपये. २६ हजार पगार असलेल्या घरात ही शाळेच्या वह्या-पुस्तकांची आणि गणवेशाची रक्कम आहे.

कोणता पगार धरायचा?

भागाकारात खाली काय आहे ते बघितलं. वर काय ठेवायचं, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. तोच २६ हजारांचा पगार उघडून बघा.

बेसिक : १५,०००
विशेष भत्ता : ३,०००
घरभाडे भत्ता : ६,०००
प्रवास भत्ता : २,०००
ग्रॉस : २६,०००

यातून बेसिकच्या १२ टक्के पीएफ म्हणजे १,८०० रुपये आणि महाराष्ट्रातला प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये कापला. हातात आले २४,०००. (फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स ३०० रुपये असतो. २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना राज्यात तो माफ आहे, पण या उदाहरणातला पगार त्या मर्यादेच्या वर आहे.)

ऑफर लेटरवर मात्र वेगळाच आकडा असतो. मालकाच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ७२१ रुपये धरली, की सीटीसी महिन्याला २८,५२१, वर्षाला साधारण ३ लाख ४२ हजार होतं.

म्हणजे एकाच माणसाचे तासाचे तीन दर झाले. २०८ तासांनी भागलं तर सीटीसीनुसार १३७ रुपये, ग्रॉसनुसार १२५ आणि इन-हँडनुसार ११५. तिन्ही बरोबर आहेत, फक्त त्यांचा उपयोग वेगळा आहे.

घरखर्चाचा विचार करताना इन-हँड बघा. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं असेल, तर सीटीसी बघा. कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटीसारख्या गोष्टी उद्या तुम्हाला स्वतःच्या खिशातून कराव्या लागतील. ओव्हरटाइमचा दर मात्र तुमच्या सोयीनं ठरत नाही. तिथे कायदा बघावा लागतो.

'डबल ओटी', पण कशाच्या डबल?

"आमच्याकडे ओटी डबल आहे" हे वाक्य ऐकायला छान वाटतं. पण खरा प्रश्न पुढे आहे. डबल कशाच्या?

एखाद्या ठिकाणी फक्त बेसिक धरलं आणि ३० ने भागलं, तर :

१५,००० ÷ ३० ÷ ८ = ६२.५० रुपये
त्याच्या दुप्पट = १२५ रुपये

आता वर जाऊन बघा. १२५ रुपये हा पूर्ण पगाराचा साधा, एकेरी दर होता. म्हणजे नाव 'डबल' आणि हातात मिळालं सिंगल. रात्री दहापर्यंत थांबलेल्या माणसाला दुपारच्या तासाइतकेच पैसे मिळाले. ना स्लिपवर काही खोटं लिहिलं गेलं, ना कुणी काही नाकारलं. फक्त वरचा आकडा लहान घेतला आणि खालचा मोठा.

कायदा काय सांगतो?

जुन्या कारखाने कायद्यात, म्हणजे १९४८ च्या, कलम ५९ नुसार दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम केलं, तर नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे द्यावे लागत. नेहमीचा दर म्हणजे बेसिक आणि भत्ते. बोनस आणि ओव्हरटाइम त्यात धरायचा नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत सामावला गेला. दुप्पट दराचा नियम कायम आहे. दिवसाचे ८ तास ही मर्यादाही लिहिलेली आहे. बदलली ती 'वेतन' या शब्दाची व्याख्या.

नव्या व्याख्येत काही गोष्टी वेतनाच्या बाहेर ठेवल्या आहेत. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, कमिशन, मालकाच्या वाट्याचा पीएफ वगैरे. पण त्याला एक लगाम आहे. वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाली, तर वरची रक्कम पुन्हा वेतनात धरायची. बेसिक मुद्दाम लहान ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवायची जुनी सवय मोडावी, हा त्यामागचा हेतू.

वरच्या उदाहरणात घरभाडे आणि प्रवास भत्ता मिळून ८,००० होतात. निम्म्यापेक्षा कमी, म्हणून दोन्ही बाहेर. 'विशेष भत्ता' असं नाव वगळलेल्यांच्या यादीत नाही, म्हणून तो आत. वेतन झालं १८,०००.

१८,००० ÷ २६ ÷ ८ = ८६.५४ रुपये
त्याच्या दुप्पट = साधारण १७३ रुपये

म्हणजे या व्याख्येनुसार २५० रुपये मिळतीलच असं नाही, पण फक्त बेसिकवर १२५ देऊन मोकळं होणंही त्यात बसत नाही. २० तासांच्या ओटीवर १२५ आणि १७३ मधला फरक साडेनऊशे रुपयांच्या आसपास जातो.

२६ आणि ८ चं काय? वेतन संहितेच्या नियमांचा जो मसुदा केंद्र सरकारनं २०२० मध्ये काढला, त्यात किमान वेतनासाठी हेच सूत्र होतं. दिवसाच्या दराला ८ ने भागलं की तासाचा दर, २६ ने गुणलं की महिन्याचा.

महाराष्ट्रात दुकानं, हॉटेलं आणि खासगी ऑफिसांसाठी २०१७ चा वेगळा राज्य कायदा आहे. तिथेही जादा तासांना दुप्पट दर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं या ठिकाणी दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली, तेव्हा सोशल मीडियावर बरीच चर्चा झाली. पगाराच्या गणितात लक्ष ठेवायचं ते आठवड्याच्या तासांवर. रोजचे तास वाढले आणि आठवड्याचे दिवस कमी झाले नाहीत, तर जादा तासांचा हिशोब मागायला हवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ओव्हरटाइम सगळ्यांना लागू नाही. मुख्यतः व्यवस्थापनाचं काम करणारे आणि १८ हजारांपेक्षा जास्त वेतन असलेले सुपरवायझर 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत. पण नुसतं 'असिस्टंट मॅनेजर' असं पद दिलं म्हणून कुणी मॅनेजर होत नाही. प्रत्यक्ष काम काय आहे, हे बघितलं जातं.

खाडा कापताना कोणता आकडा?

आता उलटी बाजू. तुम्ही एक दिवस बिनपगारी सुट्टी घेतली. किती कापायचे?

३० ने भागलं तर ८६७ रुपये कापले जातील. २६ ने भागलं तर १,०००. कायद्याचं तत्त्व असं आहे की, त्या काळात जितकं काम करणं अपेक्षित होतं, त्याच्या प्रमाणातच गैरहजेरीची कपात करता येते. त्याहून जास्त नाही. महिन्यात २६ दिवस काम अपेक्षित असेल, तर एका खाड्याला सव्विसाव्या भागापर्यंत कपात बसू शकते.

यात न पटण्यासारखं काही नाही. मात्र स्लिपवर एक गोष्ट नक्की तपासा. खाडा कापताना २६ आणि ओटी देताना ३०, असं तर होत नाहीये ना? घेताना दिवसाची किंमत १,००० आणि देताना ८६७, हे एकाच पगारपत्रकात बसू शकत नाही.

नोकरी बदलताना हे गणित असं वापरा

तासाचा दर फक्त ओटीसाठी नाही. दोन ऑफर समोर असताना तो फार उपयोगी पडतो. एक उदाहरण घ्या.

डोंबिवलीत राहणाऱ्या कुणाला दोन नोकऱ्या मिळतायत. एक अंधेरीला, इन-हँड ३०,०००. दुसरी डोंबिवली एमआयडीसीत, इन-हँड २४,०००. दोन्हीकडे २६ दिवस, जेवणाच्या सुट्टीसकट ९ तास.

अंधेरीसाठी आधी मध्य रेल्वे, मग दादरला गाडी बदलायची, पुढे रिक्षा किंवा बस. जाऊन-येऊन साडेतीन तास धरू. प्रवास आणि बाहेरच्या चहा-नाश्त्याचा खर्च १,५००. रोजचे साडेबारा तास, महिन्याचे ३२५ तास.

२८,५०० ÷ ३२५ = साधारण ८८ रुपये तास

एमआयडीसीसाठी जाऊन-येऊन पाऊण तास, खर्च ५००. रोजचे पावणेदहा तास, महिन्याचे २५३.५ तास.

२३,५०० ÷ २५३.५ = साधारण ९३ रुपये तास

सहा हजारांनी कमी पगाराची नोकरी तासाला पाच रुपये जास्त देते. शिवाय महिन्याचे ७१ तास वाचतात. याचा अर्थ जवळचीच नोकरी घ्यावी असा नाही. घराचा हप्ता असेल, तर हातात येणारे पाच हजार जास्त महत्त्वाचे. अंधेरीत शिकायला जास्त मिळणार असेल, तर तेही बघावं लागेल. पण निदान ते पाच हजार ७१ तासांच्या बदल्यात येतायत, हे माहीत असावं.

आता काय करायचं?

शेवटची सॅलरी स्लिप काढा आणि चार गोष्टी बघा.

१. बेसिक किती, भत्ते कोणते आणि किती.
२. ओटीचे किती तास दाखवलेत आणि त्याचे किती पैसे लावलेत. पैशांना तासांनी भागा, दर लगेच कळेल.
३. तो दर निम्मा करा. मग ८ ने गुणा. हा कंपनीनं धरलेला तुमचा एका दिवसाचा पगार.
४. त्याला २६ ने गुणून बघा. उत्तर बेसिकपेक्षाही कमी येत असेल, तर ३० ने भागलंय किंवा दर दुप्पट नाहीये, हे समजा.

मग एचआरला भांडण न करता दोनच प्रश्न विचारा. ओटीसाठी कोणती रक्कम धरता आणि कितीनं भागता? शक्यतो ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. ठेकेदाराकडे कामाला असाल, तर हजेरीचे आणि जादा तासांचे फोटो किंवा नोंदी स्वतःकडे ठेवा. वेतनाची पावती देणं नव्या संहितेत मालकावर बंधनकारक आहे. ती मागायला संकोच नको.

तरीही हिशोब जुळत नसेल, तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. वेतन संहितेनुसार थकलेल्या पैशांसाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. त्यामुळे जुन्या स्लिपा फेकू नका, मोबाईलमध्ये एक फोल्डर करून ठेवा.

आणि पुढच्या वेळी कुणी "दोन तास थांबतोस का?" असं विचारलं, तर थांबायचं की नाही हे तुम्ही ठरवा. त्या दोन तासांचे किती होतात, हे मात्र आधी माहीत असू द्या.